मॉरिस मायनर विकणे आहे : जुन्या मोटारीचा हिशेब आणि कारागिराचे दाम

कापडाच्या धंद्यात माल जुना झाला की भाव उतरतो. गेल्या हंगामातला तागा यंदा मुद्दलातही सुटत नाही, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. मोटारीचेही तेच. दुकानातून रस्त्यावर आली की ती जुनी झाली. पण काही वस्तूंचा भाव उतरत उतरत तळाला लागतो, तिथे काही वर्षे पडून राहतो आणि मग हळूहळू वर चढू लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात बनलेल्या मोटारी याच जातीच्या. तिथे त्यांचा स्वतंत्र बाजार आहे. त्यात लिलाव होतात, दलाल आहेत, मासिके निघतात, आणि केवळ या मोटारींवर पोट भरणारे शेकडो मिस्त्री आहेत. या बाजाराची रीत समजून घेतली तर मोटारीशी काही संबंध नसलेल्या आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंनाही त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

तिथल्या जाहिरातींचा साचा ठरलेला असतो. मॉरिस मायनर या मोटारीचा नमुना घेतला तर मजकूर साधारण असा असतो : ‘विकणे आहे. मायनर १०००, चार दरवाजे, सन १९५८. बत्तीस वर्षे एकाच मालकाकडे. पत्र्यापासून पूर्ण दुरुस्त. सर्व बिले, फोटो व जुनी प्रमाणपत्रे सोबत. डाव्या मागच्या दरवाजाखाली गंजाचा एक फुगा आहे. वय झाल्यामुळे विक्री.’

वाचायला अर्धे मिनिट लागत नाही. पण यातल्या प्रत्येक शब्दाला बाजारात पैसा आहे. तो कसा, हे एकेक करून पाहू.

ही मोटार कोणती?

मॉरिस कंपनीचा संस्थापक विल्यम मॉरिस, पुढे लॉर्ड नफील्ड, हा मुळात सायकल दुरुस्त करणारा मिस्त्री. ऑक्सफर्डला आईवडिलांच्या घरीच चार पौंडांच्या भांडवलावर त्याने काम सुरू केले. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्यातून ऑक्सफर्डजवळ काउली येथे मोटारींचा अजस्र कारखाना उभा राहिला. मायनरचा आराखडा केला ॲलेक इसिगोनिस याने. हा गृहस्थ १९०६ साली उस्मानी सल्तनतीतील स्मिर्ना म्हणजे आजच्या इझमीर शहरात जन्मला आणि १९२२ च्या युद्धात तेथून बाहेर पडून इंग्लंडात आला. पुढे १९५९ साली आलेली प्रसिद्ध ‘मिनी’ ही त्याचीच.

ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मायनर प्रथम लोकांसमोर आली. लॉर्ड नफील्डला तिचा गोल आकार पसंत नव्हता. तो तिला ‘पोच्ड एग’ म्हणजे अंड्याची उपमा देत असे. उत्पादन सुरू होण्याच्या बेतात असताना इसिगोनिसला मोटार अरुंद वाटली. त्याने नमुन्याची गाडी मधोमध उभी कापून दोन्ही भाग एकमेकांपासून दूर सरकवून पाहिले आणि शेवटी चार इंच रुंदी वाढवली. तोवर पुढचे-मागचे बंपर अरुंद मापाने तयार झाले होते. ते फेकून न देता मधोमध कापून, चार इंचांची पट्टी जोडून वापरले गेले. सुरुवातीच्या मायनरच्या बंपरवर हा जोड आजही दिसतो आणि पारखी गिऱ्हाईक तो मुद्दाम पाहतो. वाया जाऊ शकणारा माल असा कामी लावणे आमच्या धंद्यातल्या कोणालाही पटेल.

तो काळ टंचाईचा होता. इंग्लंड कर्जात बुडालेले, परकीय चलन नाही. म्हणून जो कारखाना निर्यात करील त्यालाच पोलाद, असे सरकारचे धोरण होते. सुरुवातीच्या मायनरपैकी बहुतेक परदेशी गेल्या. देशातल्या गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि जवळजवळ नवी असलेली जुनी मोटार नव्यापेक्षा महाग विकली जाई. हा काळाबाजार थांबावा म्हणून नवी मोटार घेणाऱ्याकडून करार लिहून घेत, की ठरावीक मुदतीच्या आत ती परस्पर विकणार नाही. आपल्याकडे परमिटच्या जमान्यात स्कूटरवर ‘ऑन’ घेतला जाई, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल.

१९५६ साली मोठे, ९४८ सी.सी. चे इंजिन आणि एकसंध काच असलेली ‘मायनर १०००’ आली. १९६० च्या अखेरीस दहा लाखाची संख्या गाठणारी ही पहिली इंग्रज मोटार ठरली. त्या आनंदात जांभळट रंगाच्या ३५० खास गाड्या काढल्या गेल्या. १९७१ साली उत्पादन थांबले तेव्हा एकूण संख्या सोळा लाखांच्या आसपास होती.

म्हणजे ही काही राजेरजवाड्यांची मोटार नव्हे. ती जिल्हा परिचारिका, शाळामास्तर आणि छोट्या दुकानदाराची होती. आम्ही मुद्दाम हीच निवडली. महागड्या जॅग्वारचा भाव श्रीमंतांच्या हौसेवर चालतो. मायनरच्या भावात हौस थोडी आणि हिशेब जास्त असतो.

‘बत्तीस वर्षे एकाच मालकाकडे’

जुन्या मालाच्या बाजारात वस्तू किती हातांतून गेली याला फार महत्त्व. दर दोन वर्षांनी मालक बदललेली मोटार म्हणजे प्रत्येकाने आपली अडचण पुढच्याच्या गळ्यात घातली, असा अर्थ गिऱ्हाईक काढतो. तीस वर्षे ज्याने सांभाळली त्याने तिच्यावर विकण्यासाठी नव्हे, वापरण्यासाठी खर्च केला असे धरले जाते.

पण हे नुसते तोंडाने सांगून चालत नाही. इंग्लंडात मोटारीचे नोंदणीपुस्तक ठेवणाऱ्याच्या नावावर असते, आणि त्याच कागदावर स्पष्ट छापलेले असते की हा मालकीचा पुरावा नाही. म्हणून खरेदीची पावती जपावी लागते. शिवाय १९६० पासून तिथे ‘एम.ओ.टी.’ नावाची वार्षिक तपासणी आहे. आरंभी ती दहा वर्षांपेक्षा जुन्या मोटारींना होती. १९६७ पासून तीन वर्षांवरील सर्वांना झाली. तपासणीच्या प्रमाणपत्रावर मोटार किती मैल चालली तो आकडा लिहिलेला असतो. ज्याने जुनी प्रमाणपत्रे फेकली नाहीत, त्याच्याकडे वर्षावर्षाची खतावणी आपोआप तयार झाली. मीटर मागे फिरवलेले नाही, हे त्या चतकोर कागदांनी सिद्ध होते. अलीकडच्या वर्षांची नोंद सरकारी संगणकावर कोणालाही फुकट पाहता येते. पण त्याआधीची नोंद फक्त मालकाच्या पिशवीत असते.

आणखी एक दस्तऐवज आहे. गेडन या गावी ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. कारखान्याच्या मूळ नोंदवह्या तिथे जपलेल्या आहेत. फी भरली की त्यातून दाखला मिळतो : मोटार कोणत्या तारखेला बनली, मूळ रंग कोणता, आतल्या गाद्या कोणत्या रंगाच्या, इंजिनाचा नंबर काय. कारखाना बंद होऊन जमाना लोटला, पण वही शिल्लक आहे आणि त्या वहीला आज किंमत आहे.

‘पत्र्यापासून पूर्ण दुरुस्त’

मायनरला वेगळी चॅसी नाही. तिचे अंग हाच तिचा सांगाडा. त्यामुळे तळाचा पत्रा, दरवाजांखालच्या पेट्या आणि मागच्या पाट्यांचे आधार गंजले की वरून मोटार कितीही चकचकीत असली तरी ती पोकळ झाली. मायनरची ‘ट्रॅव्हलर’ ही लांब गाडी असते. तिच्या मागच्या भागाला ॲश लाकडाची चौकट आहे. ती शोभेची नाही, तीच भार पेलते. कुजली की सुताराला बोलावल्याशिवाय गाडी पास होत नाही. पुढच्या चाकांच्या सांध्यांना वेळच्या वेळी ग्रीस दिले नाही तर आटे झिजून चाकच निखळते. अशा जागा ठरलेल्या आहेत, आणि जाणकार गिऱ्हाईक खिशात लोहचुंबक घेऊन येतो. चुंबक चिकटला तर पत्रा, घसरला तर पुट्टी.

आता खर्चाचा हिशेब पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा, मोटार मोडक्या अवस्थेत दीड हजार पौंडांना घेतली. पत्र्याच्या कामाला तीनशे तास लागले, ताशी पंचेचाळीस पौंडांप्रमाणे साडेतेरा हजार. सुटे भाग चार हजार, रंग चार हजार, गाद्या व आतले कापड दीड हजार. एकूण साडेचोवीस हजार. आणि विकायला काढली तेव्हा बाजार म्हणतो अकरा हजार. तोटा साडेतेरा हजार, म्हणजे नेमका पत्र्याच्या मजुरीएवढा.

या बाजारातले हे उघड सत्य आहे. साध्या मोटारीच्या संपूर्ण दुरुस्तीचा खर्च विक्रीत क्वचितच निघतो. म्हणून तिथले जाणते सांगतात की स्वतः मोडकी घेऊन दुरुस्त करण्यापेक्षा दुसऱ्याने दुरुस्त केलेली घ्या. त्याची मजुरी तुम्हाला जवळजवळ फुकट पडते.

मग नुकसान कोणाचे झाले? मिस्त्रीचे नाही, त्याला तासाचे दाम पूर्ण मिळाले. नव्या गिऱ्हाइकाचे तर नाहीच. मालकाने तीस वर्षे वापर घेतला, प्रेमाने सांभाळली, त्याचा तो मोबदला. त्याने हा खर्च धंदा म्हणून केलाच नव्हता. जो धंदा म्हणून करायला जातो, तो बुडतो.

पण दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. अगदी तेवढेच, तितकेच चांगले काम झालेली, पण एकही कागद नसलेली मोटार शेजारी उभी करा. तिला बाजार अकरा हजार देणार नाही. गिऱ्हाईक म्हणेल, रंगाखाली नवा पत्रा आहे की पुट्टी, मला काय ठाऊक? तीनशे तास खर्ची पडलेले असतात, पण ते दिसत नाहीत. बिलावर तारीख, तास, कामाचा तपशील आणि दुकानाचे नाव असते. फोटोत उघडा पत्रा दिसतो. त्या फायलीमुळे झाकले गेलेले काम पुन्हा नजरेस येते. मिस्त्रीची मजुरी पूर्ण वसूल होत नाही हे खरे, पण जेवढी होते तेवढी फायलीमुळेच.

ऐब सांगून सौदा

जाहिरातीत गंजाच्या फुग्याचा उल्लेख पाहून नव्या माणसाला नवल वाटेल. विकणारा स्वतः होऊन दोष का सांगतो? यात कायदाही आहे आणि शहाणपणही.

इंग्लंडात व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचे संरक्षण आहे. माल समाधानकारक दर्जाचा हवा. दोष निघाला तर गिऱ्हाईक तीस दिवसांत परत करू शकतो. खाजगी मालकाकडून घेतलेल्या मोटारीला हे संरक्षण नाही. तिथे गिऱ्हाइकानेच डोळे उघडे ठेवायचे. मात्र मालाचे जे वर्णन केले ते खरे असलेच पाहिजे, हे बंधन खाजगी मालकालाही आहे. ‘पूर्ण दुरुस्त’ असे लिहिले आणि खाली पुट्टी निघाली, तर मामला कोर्टात जाऊ शकतो.

शहाणपण असे की एक छोटा ऐब स्वतः सांगणाऱ्याच्या बाकीच्या दहा गोष्टींवर विश्वास बसतो. गिऱ्हाईक दोनशे मैलांवरून येतो. आल्यावर त्याला न सांगितलेला दोष दिसला की तो भाव पाडतो किंवा तोंड फिरवून जातो. सांगितलेल्या दोषाची किंमत आधीच वजा झालेली असते. ताग्यात विणीचा दोष असेल तिथे काठाला खुणेचा दोरा बांधण्याची रीत आमच्या धंद्यातही आहे. दोरा बांधलेला तागा थोडा कमी भावाने जातो, पण परत येत नाही. ऐब लपवून विकलेल्या मालात बरकत नसते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी उगीच सांगितलेले नाही.

मूळ किती, नवे किती?

एका बाबतीत या बाजाराचे मत आपल्या समजुतीच्या उलट आहे. आपल्याला वाटते, जितके नवे तितके चांगले. तिथे कारखान्याचे मूळ इंजिन, मूळ रंग आणि शक्य तर मूळ गाद्याही असतील तर भाव चढतो. थोडी विटलेली पण मूळ गादी काढून त्या जागी भपकेबाज चामडे बसवले तर पैसे खर्चूनही किंमत घटते. कापडवाल्याला हे लवकर समजावे. छताच्या आतले कापड, दरवाजाच्या पट्ट्या, उघड्या गाडीचा टप यांत विणीची जात आणि रंगाची छटा जुळली नाही तर जाणकाराच्या नजरेला ते ठिगळच. म्हणून चांगला गादीवाला जुने कापड फेकत नाही. त्याचा तुकडा नमुना म्हणून फायलीत लावून देतो.

काही बदल मात्र गरजेचे मानले जातात. इंग्लंडात १९९९ च्या अखेरीस शिशाच्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली. तेव्हा अशा इंजिनांना कठीण धातूच्या व्हॉल्व्ह-सीटा बसवाव्या लागल्या. २०२१ पासून दहा टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. असे बदल लपवायचे नसतात, तारखेसह लिहायचे असतात.

सरकारची नजरही या मोटारींवर मेहेरबान आहे. चाळीस वर्षे पूर्ण झालेल्या मोटारीला रस्ताकर माफ आहे आणि मे २०१८ पासून, मोठे फेरफार केलेले नसतील तर, वार्षिक तपासणीतूनही सूट आहे. तरी शहाणे मालक स्वखुशीने तपासणी करून घेतात, कारण विकताना ताजे प्रमाणपत्र उपयोगी पडते. खाजगी मोटार विकून झालेल्या नफ्यावर तिथे भांडवली लाभकर लागत नाही. जुन्या मालाच्या व्यापाऱ्यालाही ठरावीक अटींवर संपूर्ण विक्रीवर नव्हे, फक्त नफ्याच्या फरकावर व्हॅट भरण्याची सवलत आहे.

सुटे भाग मिळण्याचा प्रश्नही व्यापारानेच सोडवला. चार्ल्स वेअर या गृहस्थाने बाथ शहरात केवळ मायनरचे केंद्र चालवले आणि १९८२ साली टिकाऊ मोटारीच्या अर्थशास्त्रावर पुस्तकच लिहिले. त्याच्याच खटपटीतून पुढे १९९० च्या दशकात श्रीलंकेत मायनरचे पत्रे आणि भाग बनू लागले. इंग्लंडात बंद पडलेल्या मोटारीवर आशियातल्या कारागिराचे घर चालले.

आपल्याकडे काय?

मायनर आपल्याला अगदी परकी नाही. हिंदुस्तान मोटर्सने १९५० च्या दशकात तिचीच बांधणी ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने केली. तिची थोरली बहीण मॉरिस ऑक्सफर्ड आपल्याकडे ॲम्बेसेडर झाली आणि मे २०१४ पर्यंत बंगालमधील उत्तरपाड्याला बनत राहिली. पुढे २०१७ साली ॲम्बेसेडरचे नुसते नाव ऐंशी कोटी रुपयांना एका फ्रेंच कंपनीला विकले गेले. कारखाना बंद, मोटार बंद, तरी नावाला एवढा भाव. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांच्या नंबराची वेगळी नोंदणीही सुरू केली. म्हणजे कायद्याने या मालाची जात मान्य केली आहे.

आणि हुनर? तो तर आपल्याकडे उदंड आहे. हातोडी आणि ठोकणीवर सपाट पत्र्यातून पंखा घडवणारे उस्ताद आमच्या मुंबईत, पुण्यात, मालेगावात आहेत. गाद्यांची शिलाई, लाकडी चौकट, क्रोमचा मुलामा, यांतले कितीतरी काम आपल्याच बांधवांच्या हातांनी होते. पण दहा वर्षांनी ती वस्तू विकायला निघते तेव्हा ते काम कोणी केले, केव्हा केले, आत काय घातले, याचा एक चिटोराही नसतो. व्यवहार तोंडी, पैसे रोख, हिशेब सिगारेटच्या पाकिटावर. मग गिऱ्हाईक म्हणतो ‘पत्रा ठोकलेला आहे’ आणि भाव पाडतो. उस्तादाचे उत्तम काम त्याच्या नावावर जमा होण्याऐवजी दोष म्हणून लिहिले जाते. दुसरे गिऱ्हाईक त्या उस्तादापर्यंत पोचत नाही, आणि मुलगा म्हणतो, या धंद्यात काही राहिले नाही.

यावर उपाय महागडा नाही. कारागीर बंधूंनी दुकानाच्या नावाचे, दोन प्रती निघणारे बिलबुक छापून घ्यावे. कामाची तारीख, लागलेले तास, वापरलेला माल आणि काय बदलले नाही तेही लिहावे. झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून गिऱ्हाइकाला द्यावा. जुन्या कापडाचा किंवा रंगाचा नमुना बिलाला टाचावा. सोफा असो, लाकडी कपाट असो, शिलाई मशीन असो की यंत्रमाग, ही पद्धत सगळीकडे चालते. व्यापारी बंधूंनीही जुना माल घेताना कागद मागावा आणि कागद असलेल्या मालाला चार पैसे जास्त द्यावेत. मागणी आली की कागद आपोआप तयार होतात.

हातोडीचे काम पत्र्यात मुरून जाते आणि रंगाखाली झाकले जाते. ते झाले होते हे सांगणारा कागद कारागिराने त्याच दिवशी लिहिला पाहिजे. तीस वर्षांनी तो कोणालाही लिहिता येणार नाही.